अवसरी फाट्यावरची इटली

मंचरजवळ अवसरी फाट्यावर पराग मिल्क फूड्सचा मोठा कारखाना आहे. आमच्या भागातल्या गोठ्यांतलं दूध तिथं जातं आणि त्याचं तूप होतं, चीज होतं, मोझरेलासुद्धा होतं. मोझरेला मूळचं इटलीचं, नेपल्सच्या आसपासच्या मुलखातलं. तिथं ते म्हशीच्या दुधाचं करतात. आमच्याकडं म्हशी उरल्यात किती? सगळं एचएफ गायीवर चाललंय. पहाटे आमच्या आळीत धार निघते, फॅट आणि एसएनएफ लागून दूध डेअरीला जातं आणि पुढं कुठल्या तरी शहरात पिझ्झ्यावर तार धरतं. म्हणजे इटलीशी आमच्या भागाचा तसा रोजचा, दोन वेळचा व्यवहार आहे.

तरीही अवसरी खुर्दच्या पारावर कुणालाही विचारा, इटली म्हणजे काय? पिझ्झा, माफिया, हातवारे करत मोठ्यानं बोलणारी माणसं आणि सोनिया गांधी. झालं. मला विचारलं असतंत तर माझं उत्तरही याहून वेगळं आलं नसतं. परदेशी लोक आपल्याबद्दल काय काय समजून बसलेत याचा इटालियन माणसाला वैताग येतो असं म्हणतात. येणारच. पण तो त्याचा वैताग झाला. मला माझ्या बाजूचं पाहायचं आहे. माझ्या डोक्यात ही इटली कुणी भरली, आणि भरली जात होती तेव्हा मी काय करत होतो?

उत्तर शोधायला फार मागं जावं लागत नाही. १९९९ च्या मे महिन्यात शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांनी सोनिया गांधींच्या विदेशी जन्माचा मुद्दा काढला, काँग्रेसनं तिघांना काढलं आणि १० जूनला राष्ट्रवादी काँग्रेस उभी राहिली. आमचे आमदार दिलीप वळसे पाटील पवारांबरोबर गेले आणि त्यांच्या मागं आमच्या आंबेगाव तालुक्यातला मोठा वर्ग गेला. देशाचं सर्वोच्च पद जन्मानं इथल्याच माणसाकडं असावं की नाही, यावर कुणाचंही मत असू शकतं आणि ते मांडायचा हक्कही असतो. त्या मताचा निवाडा इथं करत नाही. मला आठवतं ते वेगळंच आहे. तो घटनेचा मुद्दा दिल्लीहून निघून आमच्या पारावर पोचेपर्यंत त्यातली घटना गळून गेली होती आणि नुसती ‘इटलीवाली’ उरली होती. तिच्या हिंदीची नक्कल करणारा एक जण आमच्यात होता. संध्याकाळी चहाच्या टपरीवर तो सुरू झाला की आम्ही पोरं खोखो हसायचो. मी तर पुढची भर घालायचो. तिकडं सगळे माफिया असतात, एकमेकांच्या घराण्यांचा बदला घेतात, असं मी छातीठोकपणे सांगायचो. हे ज्ञान मला कुठून मिळालं होतं? फिरोज खानच्या ‘धर्मात्मा’तून. म्हणजे अमेरिकेतल्या सिनेमावरून बेतलेला, अफगाणिस्तानात चित्रित केलेला हिंदी सिनेमा, तोही व्हिडिओवर पाहिलेला. माझी इटली तिथून आली होती.

आम्हा आंबेगावकरांना ‘विदेशी’ या शब्दाची एक खास मस्ती आहे, त्याचंही कारण सांगायला हवं. बाबू गेनू आमच्या म्हाळुंगे पडवळचा. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत काळबादेवीला विदेशी कापडाच्या ट्रकपुढं तो आडवा झाला आणि ट्रक त्याच्या अंगावरून गेला. गिरणीकामगार पोरगा, विशीतला. डिंभे धरणाच्या जलाशयाला आज त्याचं नाव आहे, त्याच पाण्यावर आमचे ऊस उभे आहेत. १९९९ च्या निवडणुकीत कुणी तरी म्हणालं, बाबू गेनूच्या तालुक्यात विदेशी चालायचं नाही, आणि आम्ही टाळ्या पिटल्या. बाबू गेनू कापडाच्या गठ्ठ्यांपुढं झोपला होता, कुणा माणसाच्या जन्मगावापुढं नव्हे, हे तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तरी बोललो असतो का, याची मला आज शंका वाटते. टाळ्यांच्या गर्दीत गप्प बसणंसुद्धा अवघड असतं, बोलणं तर लांबच.

त्याच वर्षी ऑक्टोबरात दोन्ही काँग्रेसनी मिळून राज्यात सरकार केलं, विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. इटलीचा विषय पारावरून असा उठला, जसा काही कधी बसलाच नव्हता. नेत्यांचं एक बरं असतं, त्यांना सोयीनं विसरता येतं. आमच्या डोक्यात मात्र ती बाई, ती नक्कल, तो माफिया तसाच राहिला. पुढं कितीतरी वर्षं कुणाला इंग्रजी धड बोलता आलं नाही, कुणाची सून परक्या भागातून आली, की आमच्यात कोणी ना कोणी ‘इटली’ म्हणून डोळा घालायचाच.

गंमत म्हणजे मराठी माणसाची इटली नेहमी अशीच होती असं अजिबात नाही. १९९९ च्या नव्वदेक वर्षं आधी हाच देश मराठी तरुणांना पूज्य होता. सावरकरांनी इटालियन क्रांतिकारक मॅझिनीचं चरित्र मराठीत आणलं ते १९०७ मध्ये, आणि सरकारला ते इतकं झोंबलं की त्यावर बंदी आली. त्यांच्या अभिनव भारत या संघटनेच्या मनात मॅझिनीची ‘यंग इटली’ होती. गॅरिबाल्डीचं नाव तेव्हाच्या शिकलेल्या घरांत आदरानं घेतलं जायचं. पारतंत्र्यातून सुटलेला, तुकड्यांतून एक झालेला देश, ही त्या पिढीची इटली. ती खरी होती का? अर्धीच. इटली एक झाल्यावरही तिथल्या उत्तरेकडच्या माणसानं दक्षिणेकडच्याला कायम आळशी आणि अडाणी ठरवलं, लाखो दक्षिणी माणसं पोटासाठी अमेरिकेत गेली, आणि तिथं १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्सला जमावानं ११ इटालियनांना तुरुंगात घुसून ठार केलं. पण आमच्या क्रांतिकारकांना यातलं काही नको होतं. त्यांना मॅझिनी हवा होता, त्यांनी तो घेतला. आम्हाला १९९९ मध्ये शिवी हवी होती, ती आम्ही घेतली. आता पोरांना पिझ्झा हवाय. गरज बदलली तशी इटली बदलली. इटालियन माणसाचा या सगळ्यात काडीचा संबंध आला नाही.

आमच्या भावकीत एक आजोबा होते, ते इटलीला जाऊन आले होते. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून. त्या मोहिमेत आपल्या लोकांनी काय केलं ते पुस्तकांत आहेच. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या खोऱ्यात लढताना पडले, नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर लढले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोंटोने नावाच्या गावात २०२३ मध्ये घाडग्यांच्या नावानं एक सूर्यघड्याळ उभारलं गेलं. इटलीतल्या एका गावानं आपल्या माणसाची आठवण ठेवली, आणि आमच्यातल्या किती जणांनी ते नाव ऐकलंय?

आमच्या आजोबांना काही क्रॉस मिळाला नव्हता. त्यांना कुणी इटलीचं विचारलं की ते दोनच गोष्टी सांगायचे. एक, तिथली दारू आंबट. दुसरी, शेतकऱ्याचं घर वर आणि गोठा खाली, त्यामुळं रात्री झोपायला गेलं की शेणाचा वास आपल्यासारखाच. याहून जास्त काही नाही. १९९९ मध्ये ते हयात होते, टपरीच्या बाकावर बसून आमची नक्कल ऐकायचे, त्यांनीही कधी अडवलं नाही आणि मतही आमच्याबरोबरच दिलं. त्यांना मी संत करणार नाही. पण अख्ख्या गावात इटली पाहिलेला माणूस एकच होता, आणि त्याला आम्ही कधी नीट विचारलं नाही. ऐकायचं नव्हतंच आम्हाला. आम्हाला सांगायचं होतं.

इथवर सगळं सोपं आहे. इटली लांब आहे, आजोबा गेले, १९९९ जुनं झालं. लांबच्या देशाविषयी आपला गैरसमज होता असं कबूल करायला काही लागत नाही. उलट मोठेपणा मिळतो. खरं अवघड पुढं आहे.

मुंबईला किंवा पुण्याला गेलो आणि कुठलं गाव असं कुणी विचारलं, की मी मंचर सांगतो. समोरच्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. मग जुन्नर, नारायणगाव सांगतो. आता उमटतं. “अरे बापरे, बिबटे!” हे पहिलं. “नारायणगाव? म्हणजे तमाशा!” हे दुसरं, आणि त्याबरोबर एक बारीक हसू. बिबट्याचं मला वाईट वाटत नाही, उसात बिबटे आहेतच. पण तमाशाचं हसू मला कायम झोंबत आलं. आमच्याकडं शिवनेरी आहे, खोडदला जगात नावाजलेली रेडिओ दुर्बीण आहे, आणि यांना काय दिसतं? मी तावातावानं सांगायचो, की आमचा तमाशाशी काही संबंध नाही हो, तो नारायणगावच्या स्टँडजवळच्या राहुट्यांपुरता.

खोटं आहे ते. यात्रेची सुपारी द्यायला आमच्या गावची माणसं त्याच राहुट्यांत जातात. कनातीत पहिल्या रांगेत बसून फेटे उडवणारेही आम्हीच. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांना दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळाला आणि २००२ मध्ये त्या हलाखीत गेल्या. आज सरकार त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. मग मला राग कशाचा येत होता? त्या पुणेकरानं मला ‘तमाशावाला’ समजून खाली बसवलं याचा. म्हणजे तमाशावाले खालचे, हे मला मान्यच होतं. फक्त मी त्यांच्यातला नाही, एवढीच माझी तक्रार होती. हे ज्या दिवशी लक्षात आलं त्या दिवसापासून माझ्या स्वतःच्या रागावरचा विश्वास जरा कमी झाला आहे. आपल्याविषयीचा शिक्का चुकीचा आहे म्हणून दुखतो, की तो शिक्का ज्यांचा आहे त्यांच्या शेजारी बसवलं म्हणून दुखतो, हे ज्यानं त्यानं एकांतात पाहावं.

बैलगाड्याच्या शर्यतींचंही तसंच झालं. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या. शहरातली प्राणिप्रेमी मंडळी आम्हाला क्रूर, रानटी म्हणाली. आमचा संताप झाला. ज्यांनी कधी वासरू पाजलं नाही ते आम्हाला बैलाची माया शिकवणार? संताप खोटा नव्हता. आमच्याकडं गाड्याच्या बैलाला दूध, अंडी, उडदाचं पीठ घालतात, घरच्या पोरालाही इतकं मिळत नसेल. २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठानं शर्यतींना परवानगी देणारा कायदा कायम ठेवला तेव्हा तालुक्यात गुलाल उधळला गेला आणि मीही तो कपाळाला लावला. पण शर्यतीच्या घाटात मी लहानपणापासून उभा आहे. बैलाला टोचायचा टोच्या पाहिलाय, शेपटी पिरगाळलेली पाहिलीय, बॅटरीचा करंटही पाहिलाय. ‘त्यांना आमची संस्कृती कळत नाही’ या एका वाक्यात आम्ही हे सगळं झाकलं. बाहेरचा माणूस आपल्याला ओळखत नाही, ही तक्रार खरी असते, आणि तिच्या आडोशाला आपण बरंच काही लपवतोही.

इटलीकडं या बाबतीत पाहायला मला आवडतं. माफिया म्हटलं की इटालियन माणूस चिडतो, आणि त्यानं चिडावं. पण १९८६ मध्ये पालेर्मोला शेकडो माफियांवर एकत्र खटला चालवला तो इटालियनांनीच. तीनशेहून जास्त जणांना शिक्षा झाली. त्या कामातले न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने आणि पाओलो बोर्सेलिनो १९९२ मध्ये दोन महिन्यांच्या अंतरानं बाँबस्फोटांत मारले गेले. दोघंही पालेर्मोचेच. जगानं मारलेला शिक्का पुसायला त्यांनी भाषणं केली नाहीत, शिक्क्यामागं जे खरं होतं त्यालाच हात घातला. आमच्या घाटात टोच्या सापडला तर गाडा बाद, असं आम्ही कोर्टानं सांगायच्या आधी कधी ठरवलं होतं का?

बाहेरच्यांच्या नजरेचा आणखी एक चटका, मग हा विषय सोडतो. बंगालमध्ये पिढ्यान्‌पिढ्या लेकरांना झोपवताना ‘बर्गी’ येतील अशी भीती घालत आले. बर्गी म्हणजे आपण. १७४१ पासून दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजा तिकडं चौथाईसाठी जात होत्या आणि त्यांच्या भीतीनं कलकत्त्याच्या लोकांनी खंदक खणायला घेतला, त्याचं नावच मराठा खंदक. अटकेपारचे झेंडे आपण पाठ केले, हा खंदक मात्र आपल्या पाठ्यपुस्तकात मला कधी भेटला नाही. बंगाली आई चुकीचं सांगत होती असं म्हणायची माझी छाती होत नाही.

आता माझ्या अंगणातलं.

२००९ मध्ये अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय सुरू झालं. साऱ्या महाराष्ट्रातून पोरं-पोरी येऊ लागली. वसतिगृह सगळ्यांना पुरेना, मग गावानं खोल्या बांधल्या. मीही बांधल्या. कॉट बेसिस, डिपॉझिट, लाइटबिल वेगळं. शेतीनं दिलं नाही एवढं स्थिर उत्पन्न या पोरांनी दिलं, हे आधी सांगतो. आणि याच पोरांना आमच्या गावात काय म्हणतात तेही सांगतो. विदर्भातलं पोरगं आळशी. मराठवाड्यातलं भांडखोर. खान्देशातलं कंजूष, भाड्याला मागं. मुंबईचं फाजील. ही यादी कुणी तयार केली ठाऊक नाही, पण खोल्यांच्या मालकांत ती पाठ असते, नव्या मालकाला जुना मालक ती सांगतो. एखाद्या यवतमाळच्या पोरानं भाडं बुडवलं की यादी खरी ठरते. आमच्याच तालुक्यातल्या कुणी बुडवलं तर? तो तेवढा नालायक निघाला, बस. त्याच्यावरून तालुका कुणी ठरवत नाही.

पण यादी ही वरवरची गोष्ट. ती खिडकीतूनही दिसते. आतलं आहे ते असं. प्रवेशफेरी झाली की बाप मुलाला घेऊन येतो. रात्रभर एसटीनं आलेला, पायजम्याला चुण्या पडलेल्या, हातात प्लास्टिकच्या फाइलमध्ये कागद.

“कुठले पाव्हणं?”

“हिंगोलीकडचे, मालक.”

“आडनाव काय म्हणलात?”

त्यांनी आडनाव अजून सांगितलेलंच नसतं. ‘म्हणलात’ हे मी उगीच लावतो, म्हणजे प्रश्न प्रश्नासारखा वाटू नये. भाड्याच्या पावतीला आडनाव लागतं हे खरं आहे. पण पावती खोली ठरल्यावर करायची असते. मी ते आधी विचारतो. बापाला ते कळतं. त्याच्या आयुष्यात हा प्रश्न पहिल्यांदा आलेला नसतो. तो जरा थांबून सांगतो आणि मग माझ्या तोंडाकडं पाहत राहतो, आणि पोरगा जमिनीकडं. आणि मग आडनाव मला ‘लागलं’ नाही तर मी म्हणतो, “खोली बोलून झालीय हो कालच.” किंवा, “आमच्याकडं खाण्यापिण्याचं जरा पाळावं लागतं.” रविवारी माझ्याच घरात मटण शिजतं, रस्त्यापर्यंत वास जातो. बाप मान हलवतो, बरं म्हणतो, पोराची बॅग उचलतो. भांडत नाही. भांडला असता तर मी म्हणालो असतो, बघा, तिकडची माणसं भांडखोर.

या वाक्यापाशी मी बऱ्याचदा अडखळलोय. इटालियन बाईच्या हिंदीवर हसलो, त्यानं तिचं काही बिघडलं नाही, ती माझ्या टपरीवर येणार नव्हती. हा बाप माझ्या ओट्यावर उभा आहे. माझ्या समजुतीची किंमत तो त्याच दिवशी, उन्हात, दुसरं घर शोधत फिरून भरतो. आणि शेजारचा मालकही मीच आहे.

पश्चिमेकडच्या डोंगरातल्या ठाकर, महादेव कोळी लोकांबद्दल तर आम्ही यादीसुद्धा केली नाही. कांदा लागवडीला, काढणीला ते येतात, रानातच राहतात, आणि आम्ही त्यांना ‘गडी’ आणि ‘बाया’ म्हणतो. नावानं क्वचित. ३० जुलै २०१४ ला माळीण डोंगराखाली गेलं, दीडशेहून जास्त माणसं गाडली गेली. साऱ्या देशातून लोक आले. मी पहिल्यांदा माळीणला गेलो तो तेव्हा. माझ्याच तालुक्यातलं गाव. त्या चिखलात एक बाई भेटली, तिनं मला ओळखलं. आमच्या रानात ती कांदा लावायला येऊन गेली होती. मी तिला ओळखलं नाही. सिसिलीत माफिया आहेत हे मला १९९९ पासून पाठ होतं. माळीण नावाचं गाव आहे आणि तिथं आपल्या रानात राबलेली माणसं राहतात, हे ते गाव गेल्यावर कळलं.

जून २०२४ मध्ये इटलीतून एक बातमी आली होती. रोमच्या दक्षिणेला लातिना भागात शेतावर काम करणाऱ्या एका पंजाबी मजुराचा हात यंत्रात तुटला आणि त्याला दवाखान्यात न्यायचं सोडून घराजवळ टाकून दिलं. तो वारला. इटलीत हजारो पंजाबी आहेत, तिथल्या नावाजलेल्या चीजसाठी लागणाऱ्या गायींच्या गोठ्यांत किती तरी ठिकाणी तेच राबतात. बातमी वाचून तोंडात पहिल्यांदा आलं ते हेच, की इटालियन असलेच. वाक्य पुरं व्हायच्या आत मला आमच्या उसाचा फड दिसला. भीमाशंकर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून, पाथर्डीकडून तोडणीवाले येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल मुकादमाकडून. राहायला कोपी, पाचटाची आणि ताडपत्रीची, बिबट्या ज्या उसात आहे त्याच उसाच्या कडेला. आणि त्यांची पहिली रात्र संपायच्या आत आमच्यात निरोप फिरतो, टोळी आली, मोटारीची केबल सांभाळा, कोंबड्या आत घ्या. त्यांच्या लेकरांना सांभाळा असा निरोप मी कधी पाठवलेला नाही. केबल मात्र मी सांभाळली. ‘इटालियन असलेच’ म्हणायचा हक्क मला कुणी दिला?

मी सगळ्या समजुती सोडून देईन, माणसाकडं कोऱ्या नजरेनं पाहीन, असं काही म्हणणार नाही. ते जमत नाही आणि जमतं म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. माणूस आला की कुठला, हे मनात येतंच. पण जुन्नरच्या लेण्यांत मला करण्यासारखं एक दिसलं. दोन हजार वर्षांच्या आसपासचे लेख आहेत ते, आणि त्यात तीन यवन, म्हणजे पश्चिमेकडचे परदेशी, दाते आहेत. नाणेघाट चढून समुद्रापलीकडचा व्यापार जुन्नरला यायचा, त्या काळातले. इरिल नावाच्या यवनानं पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, दिल्या. चिट नावाच्यानं भोजनमंडप दिला. मानमोडीला चंद नावाच्या यवनानं लेण्याचं दर्शनी काम दिलं. लिहिणाऱ्यानं ते यवन असल्याचं लपवलं नाही, दगडात स्पष्ट कोरलं. पण ‘यवन’ लिहून हात थांबवला नाही. नाव लिहिलं आणि त्यानं काय दिलं तेही लिहिलं. तहानलेल्या भिक्षूला त्या पोढीचं पाणी मिळालं असेल तेव्हा ते कुणाच्या हातचं, याचा हिशेब दगडावर होता, आणि तरी ते प्यायलं जात होतं.

माझी वाक्यं हिंगोलीवर थांबतात. आडनावावर थांबतात. फार झालं तर कोयत्यावर थांबतात. त्या पोरानं पुढं काय केलं, हे त्या वाक्यात कधी येतच नाही. माझ्याच खोल्यांत राहून गेलेली पोरं आज कुठं कुठं नोकरीला आहेत, दिवाळीला त्यांचे फोन येतात. त्यातल्या एकानं, बुलढाण्याच्या, माझ्या पंपाचा ऑटो स्टार्टर रात्री अकराला बॅटरीच्या उजेडात दुरुस्त करून दिला होता, आणि तरी दुसऱ्या वर्षी नव्या मालकाला मी तीच यादी सांगितली. विदर्भातली पोरं आळशी.

अवसरी खुर्दला, मंचरला किंवा आणखी कुठंही खोल्या भाड्यानं देणारे माझ्यासारखे जे कोणी हे वाचत असतील त्यांना एकच सांगायचं आहे. पोरगा दारात आला की आधी पाणी द्या, खोली दाखवा, भाडं सांगा, डिपॉझिट ठरवा, किल्ली त्याच्या हातात द्या. आडनाव त्यानंतर, पावती फाडताना विचारा.